सातवा रकाना

बुधवारी लसीकरण. गुरुवारी रजा टाकली
आणि अड्याळला बकाराम गुरुजींचं घर पाहून आले.
तीन खोल्या, मागे हापशी, स्लॅबला एक बारीक चीर.
गुरुजी ती छत्रीच्या टोकाने दाखवत होते,
वर्गात नकाशातली नदी दाखवावी तशी.
सतरा लाख म्हणाले. मग, "सिस्टर, तुम्हाले सोळा."

माझ्याजवळ सोळा आहेत. म्हणजे पंधरा अन् थोडे.
सव्वीस वर्षं, चार उपकेंद्रं, चार क्वार्टरं,
आणि प्रत्येक भिंतीत आधीच्या सिस्टरने ठोकलेले खिळे.
मी एकही नवा ठोकला नाही.
खिळा होता तिथे कॅलेंडर लागलं.
आरसा लागला तो टिकारामच्या डोक्याच्या वर;
नऊ वर्षं झाली, विटेवर उभा राहून दाढी करतो.

रजत पुण्याहून फोनवर समजावतो.
आई, घर म्हणजे अडकलेला पैसा.
फंडात टाक, आणि व्याजातून
(व्याज नाही म्हणत त्याला, परतावा म्हणतात)
जन्मभर भाडं भर, तरी उरेल.
मग त्याने आलेख पाठवला.
एक रेघ, चढत गेलेली, मधे मधे ठेचकाळलेली.
घाबरू नको, म्हणाला.

अरे, मी सव्वीस वर्षं ह्याच रेघा काढल्या.
झोळीत लेकरू, वर काटा, कार्डावर टिंब,
मागच्या महिन्याच्या टिंबाला जोडायचं.
हिरव्यातून पिवळ्यात उतरलेली रेघ बघून
रडणाऱ्या पोरींना मीच सांगितलं,
दात येत असतील, पोट बिघडलं असेल, थांब, चढेल.
बहुतेक चढल्या.
सुलोचनाच्या तिसरीची नाही चढली.
ते कार्ड अजून माझ्या पेटीत आहे.

आणि घरांचंही कोणी मला सांगू नये.
मी घरं मध्यरात्री पाहिली, टॉर्चच्या उजेडात.
पाणी कुठे उकळतं,
बाई ओरडली तर किती भिंतींपलीकडे जातं.
टाईल्सच्या घरात एक धड फडकं सापडलं नाही.
कुडाच्या घरात सासूने अंगावरचं लुगडं फाडून दिलं.
गुरुजींच्या घरी मी आधी चुलीची जागा पाहिली.
बरी आहे. उजेड येतो.

टिकारामने जेवताना एवढंच विचारलं,
"गुरुजी कायले इकून रायले?"
पोराने नागपुरात फ्लॅट घेतला. हप्ते थकले.
"म्हंजे घरापायी घर," तो म्हणाला. "बस, मंग."
बस मंग काय, ते नाही सांगितलं.
भात कालवत राहिला.

आज दोन्ही कागद घेऊन बसले.
फंडाचा फॉर्म, आणि गुरुजींची इसारपावती, कच्ची.
फॉर्मातला सातवा रकाना: कायमचा पत्ता.
हाताने आपणच लिहून टाकलं, मुक्काम सोनखारी.
आधारवर तेच, सर्व्हिस बुकात तेच.
सोनखारी धरणात जाऊन चौदा वर्षं झाली.
माझ्या बापाच्या ओसरीवरून आता ढिवरांचे डोंगे जातात,
झिंगे धरायला.
कोणत्याच साहेबाने कधी विचारलं नाही
की बाई, इथे पत्र टाकलं तर कोण घेईल.

इसारपावतीवरही पत्ता हवाच होता.
तिथेही तेच लिहिलं. दुसरं काय लिहू?

मग दोन्ही कागद लसीच्या रजिस्टरात ठेवले
आणि टिकारामला म्हटलं, तो आरसा काढा. हातोडी कुठे आहे?
"क्वार्टरात? तीनच तं वर्सं रायली तुही."
उभे राहा इथे. विटेवर नाही, खाली.
त्याच्या कपाळाशी पेन्सिलीने खूण केली.
पहिल्या ठोक्याला पोपडा पडला, सरकारी, पिवळा.
तिसऱ्याला खिळा बसला.

गुरुजींना रविवारपर्यंत कळवायचं आहे.